मशीन बंद करण्यावरून

भावोजी,

सगळे आता माझ्या बाजूने आहेत. मांडवीच्या धक्क्यावर गेलो की जो तो खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "नंदू, तुझंच बरोबर होतं रे. दामूने मशीन बंद करायला नको होतं." चार वर्षं मी तुमच्याशी भांडत होतो तेव्हा यातला एक माणूस माझ्या बाजूने बोलला नव्हता. उलट हसायचे. मेव्हण्या-मेव्हण्यांचं चाललंय, चालू द्या म्हणायचे. आता तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले आणि वाद मी जिंकलोय. असं जिंकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

वाद तसा एकच होता. पर्यटकांना होडीत घेऊन किल्ल्याच्या बाहेर गेलं, डॉल्फिन दिसले, की होडीचं मशीन चालू ठेवायचं की बंद करायचं. मी चालू ठेवणारा. माणसं लांबून आलेली असतात, त्यांना मोबाइलमध्ये उडी हवी असते. होडी जरा मागे घातली, एक वळसा मारला, तर काय बिघडलं? तुम्ही मात्र लांबूनच मशीन बंद करायचात आणि माणसांना गप्प बसवायचात. वीस-वीस मिनिटं. एखाद्याने विचारलंच, "काका, अजून कसे येत नाहीत?" तर तुमचं उत्तर ठरलेलं, "त्यांना आपण बोलावलेलं नाय. आपण त्यांच्या घरी आलोय. बसा." सुट्टी काढून आलेल्या गिऱ्हाइकाला असं कोण सांगतं? मला हसू यायचं आणि रागही यायचा.

पण मुंबईची नोकरी सुटून मी परत आलो तेव्हाचं विसरलेलो नाही. ताईने मला तुमच्या गळ्यात मारलं. मला पोहता येत होतं, बाकी सगळा आनंद. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला एकट्याला घेऊन बाहेर गेलात, मशीन बंद केलंत आणि म्हणालात, "आता आयक." मला काही ऐकू येईना. थोड्या वेळाने अगदी जवळ, उजव्या अंगाला, कोणीतरी दमून श्वास सोडला. मी दचकून वळलो. होडीत आपण दोघंच होतो. मग पाण्यात राखाडी पाठ दिसली आणि तिला चिकटून पिल्लू. "मशीनच्या आवाजात ह्यो कधी आयकू यायचा नाय," तुम्ही म्हणालात, आणि विडी काढलीत. त्या दिवसांत मी कोणाशी धड बोलत नव्हतो, घरात तोंड लपवून बसायचो. त्या दुपारी मी पोटभर जेवलो आणि झोपलो. त्याबद्दल तुमचे आभार मानायचं मला कधी सुचलं नाही. आज मानतो.

आता त्या भांडणाचं. मे महिना, होडी भरलेली. मी मागे मशीनवर, तुम्ही पुढे. डॉल्फिनचा कळप दिसला, मी त्यांच्यामागे वळसा घेतला, पब्लिक खूश होऊन ओरडत होतं. तुम्ही पुढून उठलात, माणसांच्या पायांतून वाट काढत मागे आलात आणि एक शब्द न बोलता मशीन बंद करायची लाल दोरी माझ्या हाताखालून खेचलीत. भरल्या होडीसमोर माझी अब्रू गेली. मी म्हटलं, "होडी तुमच्या नावावर हाय म्हणून तुम्ही मालक, मग मी कोण?" तुम्ही एवढंच म्हणालात, "पिल्लू हाय रे त्यांच्यात." मी धक्क्याला लागेपर्यंत बोललो नाही आणि पुढे आठ दिवस बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत. हट्टाच्या बाबतीत तुम्ही माझे गुरू.

अबोला होता, पण काम थांबलं नव्हतं. सकाळच्या दोन फेऱ्या माझ्या, दहानंतरच्या तुमच्या. मी धक्क्यावर चढायचो, तुम्ही होडीत उतरायचात, मशीन धडधडत असायचं. जे बोलायचं ते ताईकडून. "नंदूला सांग, टाकी भरून ठेव." "भावोजींना सांग, भरली." एकाच पडवीत तिघं, आणि मध्ये ताई. शेवटी ती वैतागली. "मी काय पोस्टमन हाय? यापुढे माझ्याकडून एक निरोप जायचा नाय. देवाने तोंडं दिल्यान ती वापरा." आपण दोघं गाल फुगवून बसलो. ती आत गेल्यावर मला हसू आलं होतं. तुमच्याही मिशीखाली काहीतरी हललं असं मला वाटलं, पण मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

मग तुम्ही तीन दिवस संगमेश्वरला बहिणीकडे गेलात, पावसाआधी तिच्या घराची कौलं परतायला. होडी दिवसभर माझ्याकडे आली. आणि पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट कळली, जी तुम्हाला माहीत नव्हती.

फेरी अर्ध्यावर असताना पेट्रोलचा पाइप निसटला आणि मशीन बंद पडलं. पाइप बसवला, सुरू करायची दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खांदा निखळायची वेळ आली तरी ते ढिम्म. तापलेलं असताना ते सुरूच होत नव्हतं. शेवटी पंचा भिजवून त्याच्यावर टाकला आणि पाव तास थांबलो, तेव्हा कुठे फुरफुरलं. समुद्र शांत होता, गिऱ्हाइकांनी तेवढ्यात सेल्फी काढून घेतले. मी मनात म्हटलं, मिरजोळ्याला मेकॅनिककडे न्यायला पाहिजे. पण हंगामाचे शेवटचे दिवस होते, मशीन दोन दिवस तिकडे अडकलं असतं. शिवाय मला कुठे त्रास होता? मी सकाळी एकदा सुरू केलं की धक्क्यावरसुद्धा बंद करत नव्हतो. बंद करायचात ते तुम्ही.

इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, असं मी लोकांना सांगू शकतो. तुम्हाला नाही सांगता येणार. माझ्या लक्षात आली होती. तुम्ही आलात की सांगू, असं मी मनाशी म्हटलंही होतं.

तुम्ही आलात ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. येताना बरका फणस आणलात. तुम्हाला कापा आवडतो, बरका घरात मी एकटा खातो. तो तुम्ही पडवीत ठेवलात आणि ताईला काही न सांगता आंघोळीला गेलात. मी फणस बघितला, कोणासाठी आहे ते कळलं, आणि तरी माझ्या खोलीत निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला समुद्र आवडला नव्हता. वारा अजिबात नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि तरी खालून लांब लांब लाट येत होती. किल्ल्याच्या कड्याखाली पाणी हळूहळू वर चढायचं, खडक झाकायचं आणि मग बराच वेळ खाली जात राहायचं. खालचे काळे खडक उघडे पडायचे, जे एरवी कधी दिसत नाहीत. आपल्या होडीवाल्यांतले सगळ्यांत जुने तांडेल बाबीकाका धक्क्यावर बसून बघत होते. मला म्हणाले, "आज कड्यापासून लांब ऱ्हा रे." आणि डॉल्फिन नेमके त्याच दिवशी कड्याला लागून आले होते. दोन्ही फेऱ्यांत मला तिथेच दिसले, पिल्लांसकट, फार काही हालचाल न करता. पब्लिक म्हणालं, आजचा दिवस नशिबाचा. मी मशीन चालू ठेवून एक फेरा मारला आणि परत फिरलो. मला तिथे थांबावंसं वाटेना.

दहा वाजता धक्क्याला लागलो. तुम्ही उभे होतात, कौलांवरच्या उन्हाने काळवंडलेले, अंगठ्याला चिंधी बांधलेली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता बोलणार. तुम्हालाही माझ्याबद्दल तसंच वाटलं असेल. भावोजी, शपथेवर सांगतो, माझ्या जिभेवर होतं. पण आधी बोलेल तो हरणार, असं मी धरून बसलो होतो. तोंडात मिठाची गुळणी धरून मी वर चढलो. तुम्ही खाली उतरलात. मशीन पहाटेपासून चालू होतं, हात लावला तर चटका बसेल इतकं तापलेलं. तुम्ही आठ माणसं घेऊन निघालात आणि मी टपरीवर चहा प्यायला गेलो.

ती आठही माणसं कोल्हापूरकडची. सगळी सुखरूप घरी गेली. त्यातल्या एक शिक्षिका तुमच्या तेराव्याला आल्या होत्या, मुलीला घेऊन. पडवीत माझ्या शेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं. तुम्ही कड्यापासून बरेच लांब होतात म्हणे. बाबीकाकांचं तुम्ही ऐकलं होतंत. लांबूनच मशीन बंद केलंत आणि म्हणालात, आता ऐका. "आम्ही ऐकलं हो," बाई म्हणाल्या, "हिने तर श्वास मोजले, सात." मग तुम्ही दोरी ओढलीत. आधी बसून, सहज. मग उभं राहून. मग दोन्ही हातांनी. लाट होडीला हळूहळू आत नेत होती. तुम्ही नांगर टाकलात, पण खाली सगळा कातळ, तो धरेना. बाईंना भीती कशाची वाटली म्हणाल, तर तुम्ही मध्येच ओढायचं थांबून मशीनकडे नुसतं बघत राहिलात त्याची. मग तुम्ही माणसांकडे वळलात आणि म्हणालात, "बसून ऱ्हा. दुसरी होडी येत्येय."

ती येत होती, कारण तुम्ही धक्क्यावरच्या दुसऱ्या होडीवाल्याला, सुऱ्याला, फोन केला होतात. मला नाही. तुमच्या फोनात माझं नाव त्याच्या वर आहे. मी टपरीवर बसलो होतो, फोन पुढ्यात ठेवलेला. मला केला असतात तर मी एका दमात सांगितलं असतं, ओढत बसू नका, पंचा भिजवून टाका, थांबा. तेवढा वेळ तुमच्याकडे होता की नाही, कोण जाणे. पण तुम्ही मला फोन केला नाहीत. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय, भावोजी. तुमच्यावरही आणि माझ्यावरही.

सुऱ्याने माणसं काढून घेतली. तुम्ही मागे राहिलात, बांबू खडकाला लावून होडी बाहेर लोटत. मग एक लाट आली. लाइफ जॅकेट अंगात होतं, मार डोक्याला लागला. त्याच्या पुढचं मी लिहीत नाही.

होडीची एक बाजू फुटली, पण ती बुडाली नाही. सुऱ्याने ओढून आणली. तिसऱ्या दिवशी चारपाच जण मशीन बघायला आले. मी दोरी ओढली आणि पहिल्या झटक्यात सुरू झालं. थंड होतं ना. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सुऱ्या म्हणाला, "मशीन तर ठणठणीत हाय. दामूदादाच घाबरला असणार." तुम्ही आणि घाबरणार! तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी मशीन बंद केलं आणि त्याच्यावर गोणपाट टाकलं. त्या दिवसापासून सगळं खापर तुमच्या डोक्यावर फुटायला लागलं, आणि ज्याला खरं माहीत होतं तो गोणपाटाची कडा नीट करत बसला होता.

हंगामाचे जे थोडे दिवस उरले होते त्यात कोणी मशीन बंद केलं नाही. एका कळपाभोवती चार-चार होड्या फिरत होत्या. एका पिल्लाच्या पाठीवर मशीनच्या पंख्याने कापल्याची खूण सुऱ्याने बघितली. मला सांगताना त्याचाच चेहरा उतरला होता. पण तुमचं उदाहरण समोर होतं, कोण काय बोलणार?

काल सकाळी, होड्या पावसासाठी वर ओढायच्या आत, नियम करायचं ठरलं. धक्क्याजवळच्या शेडमध्ये अकरा जण जमलो. बाबीकाकांनी सांगितलं, सुऱ्याने वहीच्या कागदावर लिहिलं. "पर्यटक होडीत असताना समुद्रात कोणीही मशीन बंद करू नये. दामूच्या हातून झालेली चूक परत कोणाच्या हातून होऊ नये." बाबीकाकांचे डोळे भरले होते. तुमच्यावर त्यांचा जीव होता. ते म्हणाले, "नंदू, घरचा माणूस तू. पहिली सही तुझी." मी केली. भावोजी, ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही चार वर्षं माझ्याशी भांडलात, ती तुमच्याच मरणाचं नाव घेऊन मांडवीतून कायमची बंद होणार होती, आणि त्याखाली माझी सही होती. होडी आता ताईच्या नावावर होणार, म्हणून तिच्या सहीसाठी कागद माझ्याकडेच दिला. संध्याकाळपर्यंत परत आण म्हणाले.

ताई पडवीत बसली होती. तिने चष्मा लावला, कागद वाचला, पुन्हा वाचला. मग बोट ठेवून विचारलं, "ही चूक त्यांची, असं कोण बोललं?"

मी म्हटलं, "सगळे."

"आणि तू?"

मग मी सगळं सांगितलं. पाइप, पंचा, पाव तास, दहा वाजताचा धक्का. मला वाटलं होतं ती रडेल, मला घराबाहेर काढेल. माझी तयारी होती. ती चष्मा काढून पदराने पुसत बसली, आणि मग म्हणाली, "मशीन तापलं की सुरू होत नाय, हे मला माहीत होतं."

मला कळेना. मी हे कोणालाच बोललो नव्हतो.

"तू बोललास," ती म्हणाली. "त्याच दिवशी, जेवताना. मी तुला कढी वाढत होते. बोललास, मशीन आज दाद देईना, भावोजी आले की त्यांना सांग. मी बोलले, मी सांगणार नाय, तुझं तू सांग." मग म्हणाली, "आदल्या दिवशी ते घरी आले तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. मला वाटलं, ह्या निमित्ताने तरी दोघं बोलतील. म्हणून गप ऱ्हायले."

मला अजूनही ते जेवण आठवत नाही. पण ताई खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "पंधरा दिवस मी वाट बघत्येय, तू मला कधी विचारतोस त्याची. तुझं पाऊल वाजलं की मी उठून चुलीपाशी जाते." आणि मी इतके दिवस तिच्या समोरून जाताना मान खाली घालत होतो, का तर तिला काही कळू नये. आम्ही दोघं भावंडं एका घरात एकमेकांना घाबरून वावरत होतो आणि लोकांना वाटत होतं, शोक करतायत.

मी तिला म्हटलं, "ताई, सांगायचं काम माझं होतं. तुझं नव्हतं." तिने कागद माझ्या हातात दिला. "मी सही करणार नाय. जा, जाऊन सांग त्यांना. माझं सांगितलंस तरी चालेल."

ताईचं मी सांगितलं नाही, भावोजी. ते कधीच कोणाला सांगणार नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिच्यावर रागावणार नाही, आणि ती रोज संध्याकाळी तुमच्या फोटोपुढे दिवा लावते तेव्हा तिच्या मनात काय असतं ते तुम्हाला माहीत असायला हवं.

संध्याकाळी शेडमध्ये सगळे परत जमले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. मशीनमध्ये दोष होता, तो मला तीन दिवस आधी कळला होता, दामूदादांना माहीत नव्हता. त्यांनी जे रोज केलं तेच त्या दिवशी केलं. सुऱ्या खाली बघत होता. कोणीतरी म्हणालं, "अरे, पण मशीन तर पहिल्या झटक्यात..." आणि मध्येच थांबलं. माझ्या खांद्यावर पंधरा दिवस पडत असलेले हात त्या एका मिनिटात मागे गेले, हे मला न बघता कळलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ते हात माझे नव्हतेच.

बाबीकाकांनी विचारलं, "तीन दिवस माहीत होतं, तर त्याला बोलला का नायस?"

मी म्हटलं, "आम्ही बोलत नव्हतो."

एवढंच उत्तर होतं माझ्याकडे. मनात धरलेलं ते केवढं मोठं वाटायचं. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. तिथे प्रत्येकाचा कोणाशी ना कोणाशी अबोला आहे, बाबीकाका स्वतः सख्ख्या भावाशी बोलत नाहीत. कोणी मान वर केली नाही.

मशीन बंद करावं की करू नये, याचं काल काही ठरलं नाही. दोघेतिघे अजून म्हणतात, चालूच ठेवावं. ते भांडण आता मला तुमच्या बाजूने भांडावं लागणार आहे आणि मला ते तुमच्यासारखं जमणार नाही. बाबीकाकांनी तो कागद घेतला आणि सुऱ्याला पेन मागितलं. त्यांनी स्वतःच दोन्ही ओळी खोडल्या आणि खाली लिहिलं, "होडी दुसऱ्याच्या हातात देताना मशीनचं जे असेल ते तोंडाने सांगायचं. भांडण असलं तरी सांगायचं. नंदूच्या हातून झालेली चूक परत कोणाच्या हातून होऊ नये."

मी ते वाचलं आणि सही केली.